'निळ्या पुस्तकां'नंतरचे वेल्स : व्हिक्टोरियन मध्यकाळातील सांस्कृतिक जीवन आणि प्रमुख व्यक्ती

प्रस्तावना

१८४७ साली ब्रिटिश सरकारने वेल्समधील शिक्षणाविषयी एक चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. शाळांची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या तीन आयुक्तांनी त्यात शाळांबरोबरच वेल्श लोकांच्या नीतिमत्तेचा, धर्माचा आणि भाषेचाही निवाडा करून टाकला. लोक अज्ञानी आहेत, त्यांच्यात अनीती आहे आणि या दोन्हींच्या मुळाशी त्यांची भाषा व त्यांचे धर्मपंथ आहेत, असा या अहवालाचा एकूण सूर होता. सरकारी अहवालांची बांधणी त्या काळी निळ्या कव्हरात होत असे. त्यामुळे वेल्समध्ये हा अहवाल 'निळी पुस्तके' या नावाने ओळखला जाऊ लागला.

व्हिक्टोरियन काळाचा मध्य म्हणजे साधारणपणे १८५० ते १८७५ ही वर्षे. या पंचवीस वर्षांत वेल्समध्ये वृत्तपत्रे वाढली, साहित्य-संगीताचे राष्ट्रीय मेळावे सुरू झाले, गावोगावी गायकवृंद उभे राहिले, ज्ञानकोश छापला गेला आणि पहिले विद्यापीठीय महाविद्यालय उघडले. ही सगळी घडामोड बऱ्याच अंशी 'निळ्या पुस्तकां'ना दिलेले उत्तर होती. परंतु हे उत्तर एकसारखे नव्हते. आरोप खोडून काढताना अनेकांनी त्यातील एक भाग मनोमन मान्यही केला. या पाठात आपण ही प्रक्रिया त्या काळातील व्यक्तींच्या कार्यातून समजून घेऊ.

१. पार्श्वभूमी : लोखंड, कोळसा आणि असंतोष

१८५१ मध्ये वेल्सची लोकसंख्या सुमारे ११ लाख ६० हजार होती. बहुसंख्य लोक वेल्श बोलत आणि त्यांपैकी अनेकांना इंग्रजी येतच नसे. देशाचा मोठा भाग डोंगराळ व शेतीचा होता. दक्षिणेकडील खोऱ्यांत मात्र लोखंडाचे कारखाने आणि कोळशाच्या खाणी झपाट्याने वाढत होत्या. मर्थर टिडफिल हे लोखंडाचे शहर तेव्हा वेल्समधील सर्वांत मोठे होते. १८५१ मध्ये तेथे सुमारे ४६,००० लोक राहत, तर आजची राजधानी कार्डिफ केवळ १८,००० वस्तीचे गाव होते. कारखान्यांत काम करायला येणारे मजूर मोठ्या संख्येने वेल्समधीलच ग्रामीण भागातून येत. त्यामुळे औद्योगिक शहरांतही वेल्श भाषा टिकून राहिली.

या काळाआधीची दोन दशके अशांततेची होती. १८३१ मध्ये मर्थरमध्ये कामगारांचा उठाव झाला. १८३९ मध्ये न्यूपोर्ट येथे चार्टिस्ट चळवळीतील मोर्चावर सैनिकांनी गोळीबार केला आणि सुमारे वीस जण मारले गेले. त्याच वर्षापासून पश्चिमेकडील शेतकरी रात्री स्त्रीवेष धारण करून रस्त्यांवरील टोलनाके पाडू लागले. ही चळवळ 'रिबेकाचे दंगे' म्हणून ओळखली जाते. या असंतोषाचे कारण लोकांच्या अज्ञानात आणि त्यांना इंग्रजी न येण्यात आहे, असे लंडनमधील अनेक राज्यकर्त्यांना वाटत होते.

२. चौकशी आणि तिचे निष्कर्ष

मार्च १८४६ मध्ये विल्यम विल्यम्स या खासदाराने पार्लमेंटमध्ये चौकशीची मागणी केली. कष्टकरी वर्गाला इंग्रजी शिकण्याची कोणती साधने उपलब्ध आहेत, याचा तपास व्हावा, असे त्याचे म्हणणे होते. तो इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीचा प्रतिनिधी असला तरी जन्माने वेल्श होता, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इंग्रजीची मागणी फक्त बाहेरून आलेली नव्हती.

चौकशीसाठी लिंगेन, सायमन्स आणि व्हॉन जॉन्सन हे तीन तरुण इंग्रज वकील नेमले गेले. तिघांनाही वेल्श येत नव्हते आणि तिघेही राजमान्य अँग्लिकन चर्चचे सदस्य होते. त्यांनी काही महिन्यांत देशभर फिरून तीन जाडजूड खंडांचा अहवाल तयार केला.

अहवालातील शाळांचे वर्णन बरेचसे खरे होते. इमारती पडक्या होत्या, शिक्षकांना प्रशिक्षण नव्हते, मुले थोडेच दिवस शाळेत टिकत. एक निरीक्षण तर फार महत्त्वाचे होते. घरी वेल्श बोलणारी मुले शाळेत इंग्रजी पुस्तके मोठ्याने वाचत, पण वाचलेल्याचा अर्थ त्यांना कळत नसे. शिक्षकही तो वेल्शमधून समजावून सांगत नसत. यावरून मुलांना आधी त्यांच्या भाषेतून शिकवावे, असा निष्कर्ष काढता आला असता. अहवालाचा एकूण रोख मात्र उलट दिशेने गेला. वेल्श भाषा हाच प्रगतीतील अडथळा ठरवला गेला. ती माणसाला शेतात आणि खाणीत अडकवून ठेवते, न्यायालय, व्यापार व विज्ञान यांपासून दूर ठेवते, असे मांडले गेले.

सर्वाधिक संताप झाला तो नीतिमत्तेवरील शेऱ्यांमुळे. विशेषतः ग्रामीण स्त्रियांच्या चारित्र्याविषयी अहवालात अपमानकारक विधाने होती. त्यांसाठी घेतलेल्या साक्षी मोठ्या प्रमाणात अँग्लिकन धर्मगुरूंच्या आणि जमीनदार वर्गाच्या होत्या. जनता मात्र प्रामुख्याने त्यांच्या चर्चबाहेरची होती.

३. पहिले प्रत्युत्तर

अहवालाला उत्तर देणाऱ्यांत एव्हन जोन्स (१८२०–१८५२) हा तरुण धर्मोपदेशक आघाडीवर होता. तो येयन ग्विनेद या नावाने ओळखला जाई. वेल्श लेखक-कवी आपल्या गावावरून, नदीवरून किंवा प्रदेशावरून असे टोपणनाव घेत. एकाच आडनावाची शेकडो माणसे असलेल्या या देशात अशी नावे ओळखीसाठीही सोयीची होती. येयन ग्विनेदने इंग्रजीतून पत्रके लिहून आकडेवारीच्या आधारे दाखवून दिले की, अनौरस जन्मांच्या प्रमाणात वेल्स इंग्लंडपेक्षा वाईट ठरत नाही. क्षयाने आजारी असतानाही तो लिहीत राहिला आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी मरण पावला.

जेन विल्यम्स (१८०६–१८८५) या लेखिकेने १८४८ मध्ये अहवालातील तर्कदोष दाखवणारे एक पुस्तक लिहिले. आर. जे. डर्फेल याने १८५४ मध्ये या विषयावर नाटक प्रसिद्ध केले. सॅक्सन सरदारांनी मेजवानीच्या वेळी लपवलेल्या सुऱ्यांनी ब्रिटन टोळीप्रमुखांची हत्या केली, अशी एक जुनी दंतकथा वेल्समध्ये प्रसिद्ध होती. ती 'लांब सुऱ्यांचा विश्वासघात' या नावाने सांगितली जाई. डर्फेलने त्याच धर्तीवर नाटकाला 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' असे नाव दिले. हेच नाव पुढे संपूर्ण प्रकरणाला चिकटले. एका शासकीय दस्तऐवजाला राष्ट्रीय स्मृतीत असे स्थान मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

४. चॅपेल आणि रविवारची शाळा

या काळातील वेल्श संस्कृतीचे केंद्र म्हणजे चॅपेल. राजमान्य चर्चपासून वेगळे झालेल्या मेथडिस्ट, बाप्टिस्ट, इंडिपेंडंट इत्यादी पंथांना एकत्रितपणे 'नॉनकन्फॉर्मिस्ट' म्हणतात. ३० मार्च १८५१ रोजी, एका रविवारी, ब्रिटनमध्ये धार्मिक गणना झाली. त्या दिवशी वेल्समध्ये उपासनेला गेलेल्यांपैकी सुमारे चार पंचमांश लोक नॉनकन्फॉर्मिस्ट प्रार्थनास्थळांत गेले होते.

चॅपेलचे काम प्रार्थनेपुरते मर्यादित नव्हते. तेथील रविवारच्या शाळेत मुलांबरोबर प्रौढही येत आणि वेल्श बायबलच्या आधारे वाचायला शिकत. बायबलचे संपूर्ण वेल्श भाषांतर १५८८ मध्येच झालेले असल्यामुळे भाषेला प्रमाण गद्यरूप मिळालेले होते. सरकारी मदत नसताना, लोकांच्या वर्गणीतून चालणाऱ्या या शाळांनी सामान्य माणसाला मातृभाषेत साक्षर केले. खाणकामगार, विणकर, लोहार आणि शेतमजूर यांचा वाचकवर्ग येथेच तयार झाला. पुढील सर्व विभागांत आपण पाहणार आहोत ते लेखक, संगीतकार आणि संपादक याच वातावरणातून आले.

५. छापखाना आणि नियतकालिके

साक्षर वाचकवर्ग तयार झाला, तेव्हा त्याला वाचायला देणारेही पुढे आले. १८५५ मध्ये वृत्तपत्रांवरील मुद्रांक कर आणि १८६१ मध्ये कागदावरील कर रद्द झाला. त्यामुळे छपाई स्वस्त झाली.

*विल्यम रीस* (१८०२–१८८३), टोपणनाव ग्विलिम हिरायथोग, याने १८४३ मध्ये लिव्हरपूलहून 'अर अम्सेराय' (काळ) हे वृत्तपत्र सुरू केले. लिव्हरपूल हे इंग्लंडमधील शहर असले तरी तेथे वेल्श लोकांची मोठी वस्ती होती. शेतकऱ्याच्या बोलीत लिहिलेल्या पत्रांतून तो वाचकांना युरोपातील राजकारण समजावून सांगे.

*ल्यूइस एडवर्ड्स* (१८०९–१८८७) याने १८४५ मध्ये 'अ त्रायथोदिद' (निबंधकार) हे त्रैमासिक काढले. बाला या लहान गावातील धर्मशिक्षण महाविद्यालयाचा तो प्रमुख होता. एडिंबरो येथे शिकत असताना त्याने तेथील दर्जेदार वैचारिक नियतकालिके पाहिली होती. होमर, गटे आणि कांट यांच्याविषयी वेल्शमध्ये गंभीर लेखन व्हावे, हा त्याचा आग्रह होता.

*टॉमस गी* (१८१५–१८९८) हा डेनबी येथील मुद्रक-प्रकाशक या काळातील सर्वांत प्रभावी व्यक्तींपैकी एक होय. त्याने १८५७ मध्ये स्वतःचे वृत्तपत्र सुरू केले आणि १८५९ मध्ये हिरायथोगचे पत्र त्यात विलीन करून घेतले. जमीनदार आणि राजमान्य चर्च यांच्या विरोधात लोकमत घडवण्यात या पत्राचा मोठा वाटा होता. गीचे दुसरे मोठे काम म्हणजे वेल्श ज्ञानकोश. त्याचे १० खंड १८५४ ते १८७९ या काळात प्रसिद्ध झाले. ज्या भाषेला विज्ञान पेलत नाही असे म्हटले गेले होते, त्या भाषेत सरकारच्या किंवा विद्यापीठाच्या आधाराशिवाय ज्ञानकोश उभा राहिला. 'निळ्या पुस्तकां'ना दिलेल्या उत्तरांपैकी हे सर्वांत ठोस उत्तर म्हणावे लागेल.

६. आयस्टेद्वोद : कवींची बैठक ते राष्ट्रीय मेळावा

'आयस्टेद्वोद' या वेल्श शब्दाचा मूळ अर्थ 'बैठक' असा आहे. कवी आणि वादक एकत्र जमून स्पर्धा करत, अशी ही मध्ययुगीन परंपरा होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचे पुनरुज्जीवन झाले. इओलो मोर्गानुग (१७४७–१८२६) या विलक्षण विद्वानाने तिला 'गोर्सेद' या कविमंडळाच्या विधींची जोड दिली. दगडांचे वर्तुळ, झगे आणि तलवार असलेले हे विधी प्राचीन असल्याचे तो सांगे. प्रत्यक्षात ते त्याच्याच कल्पनेतून आले होते.

१८५८ मध्ये लँगोलेन येथे भरलेल्या मोठ्या आयस्टेद्वोदमध्ये या मुद्द्यावरून संघर्ष झाला. टॉमस स्टीव्हन्स (१८२१–१८७५) हा मर्थरमधील औषधविक्रेता आणि अभ्यासू इतिहासकार होता. मॅडॉक नावाच्या वेल्श राजपुत्राने कोलंबसच्या आधी अमेरिका शोधली, ही लोकप्रिय समजूत पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही, असे त्याने स्पर्धेसाठी पाठवलेल्या निबंधात सिद्ध केले. संयोजकांनी त्याला बक्षीस नाकारले. शोधाच्या बाजूचे निबंध मागवले होते, शोध झाला नाही असे सांगणारा निबंध विषयाला धरून नाही, असे कारण देण्यात आले. या अन्यायावर सभेतच मोठा वाद झाला. बाहेरून अपमान होत असताना आपल्याच दंतकथांची चिकित्सा करावी की नाही, हा खरा प्रश्न होता आणि स्टीव्हन्सने त्याचे उत्तर स्पष्टपणे दिले होते.

याच मेळाव्यात जॉन कायरिओग ह्यूज (१८३२–१८८७) याला प्रेमकवितेसाठी पारितोषिक मिळाले. हा कवी मँचेस्टरमध्ये रेल्वेत कारकून होता. पुढे वेल्समध्ये परतून तो लानिड्लोइस येथे स्टेशनमास्तर झाला. सोप्या, गेय रचनांमुळे तो त्या काळचा सर्वांत लोकप्रिय कवी ठरला. त्याच्या कवितेतील नायिका निर्मळ, सुसंस्कृत आणि शालीन आहे. अहवालाने वेल्श स्त्रीवर घेतलेल्या आक्षेपांचे हे काव्यमय खंडन आहे, असे अभ्यासक मानतात.

लँगोलेनच्या अनुभवातून मेळाव्याला नीट संघटना हवी, ही जाणीव झाली. १८६१ मध्ये ॲबरडेअर येथे पहिला राष्ट्रीय आयस्टेद्वोद भरला. पुढे तो दरवर्षी भरू लागला. रेल्वेमुळे दूरचे लोकही येऊ शकत. १८६८ नंतर कर्जामुळे ही संघटना मोडली आणि १८८० मध्ये नव्याने उभी राहिली.

इंग्रजी वृत्तपत्रांनी या मेळाव्यांची टर उडवली. १८६६ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने वेल्श भाषेवर कडाडून टीका केली. याउलट, इंग्रज कवी आणि समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड याने १८६४ मध्ये लँडिडनो येथील मेळावा पाहिला आणि ऑक्सफर्डमध्ये केल्टिक साहित्यावर व्याख्याने दिली. ती १८६७ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याने प्राचीन वेल्श काव्याची मनापासून प्रशंसा केली. परंतु व्यवहारातून वेल्श भाषा लवकर नाहीशी होणे इष्ट आहे, असेही त्याचे मत होते. जुन्या साहित्याचे कौतुक आणि जिवंत भाषेची उपेक्षा एकत्र नांदू शकतात, हे आर्नल्डच्या उदाहरणावरून लक्षात येते.

७. संगीत : 'गाणारा देश'

वेल्सला 'गीतांचा देश' म्हणून मिळालेली ओळख मुख्यतः याच काळातील आहे. तिचा पाया चॅपेलमधील समूहगायनात आहे. जॉन रॉबर्ट्स (१८२२–१८७७), टोपणनाव येयन ग्विल्ट, याने १८५९ मध्ये स्तोत्रांच्या चालींचा संग्रह प्रसिद्ध केला आणि चार आवाजांत शिस्तीने गाण्याची सवय लावली. १८६० च्या दशकात 'टॉनिक सोल-फा' ही सोपी स्वरलेखन पद्धती पसरली. पाच रेषांवरील पाश्चात्त्य स्वरलिपीऐवजी त्यात स्वरांची अक्षरे लिहिली जात, आपल्या 'सा रे ग म' लेखनासारखी. त्यामुळे वाद्य विकत घेऊ न शकणारा कामगारही वाचून गाऊ शकला.

१८५६ मध्ये पॉन्टिप्रीड येथे एव्हन जेम्स या विणकराने शब्द आणि त्याचा मुलगा जेम्स जेम्स या हार्पवादकाने चाल रचून एक गीत तयार केले. 'हेन व्लाद व न्हादाय' (माझ्या वाडवडिलांची जुनी भूमी) हे ते गीत. मेळाव्यांतून गायले जात ते लोकमान्य झाले आणि आज तेच वेल्सचे राष्ट्रगीत आहे.

ग्रिफिथ रीस जोन्स (१८३४–१८९७), टोपणनाव कराडोग, हा ॲबरडेअरचा लोहार होता. त्याच्या नेतृत्वाखाली दक्षिण वेल्समधील चारशेहून अधिक गायकांच्या वृंदाने १८७२ आणि १८७३ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील स्पर्धा जिंकली. गायकांत खाणी-कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांतील स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने होते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या वर्गाला अडाणी ठरवले गेले, त्याचेच लोक राजधानीत जिंकून आले. म्हणूनच या विजयाचा आनंद संगीतापलीकडचा होता.

जोसेफ पॅरी (१८४१–१९०३) याची कहाणीही याच वर्गातील आहे. मर्थरमध्ये जन्मलेला हा मुलगा लहानपणीच खाणीत आणि मग लोखंडाच्या कारखान्यात कामाला लागला. १८५४ मध्ये कुटुंबाबरोबर तो अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील डॅनव्हिल येथे गेला. तेथून आयस्टेद्वोदला पाठवलेल्या त्याच्या रचना गाजल्या. वेल्स आणि अमेरिकेतील वेल्श लोकांनी वर्गणी काढून त्याला लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकवले. १८७४ मध्ये तो ॲबरिस्टविथ येथे संगीताचा पहिला प्राध्यापक झाला. १८७८ मध्ये त्याचा 'ब्लॉडवेन' हा वेल्श भाषेतील ऑपेरा रंगमंचावर आला.

८. स्त्रियांचा सहभाग

अहवालाचा सर्वाधिक बोचरा आरोप स्त्रियांवर असल्यामुळे 'आदर्श वेल्श स्त्री' कशी असावी, ही चर्चा या काळात सतत चालू राहिली. येयन ग्विनेदने १८५० मध्ये 'अ गमराइस' (वेल्श स्त्री) हे मासिक काढले. हेतू चांगला असला तरी त्यातील उपदेश घर, टापटीप आणि सदाचार यांभोवतीच फिरत असे. मासिक फार काळ चालले नाही.

ऑगस्टा हॉल, म्हणजेच लेडी लानोव्हर (१८०२–१८९६), या श्रीमंत जमीनदारीणबाईंनी वेल्श लोकरीचे कापड, स्त्रियांचा पारंपरिक पोशाख आणि तिहेरी तारांचा हार्प यांना प्रतिष्ठा मिळवून दिली. लेडी शार्लट गेस्ट (१८१२–१८९५) या जन्माने इंग्रज होत्या. त्यांचे पती मर्थरजवळील डाउलेस येथील प्रचंड लोखंड कारखान्याचे मालक होते. त्या वेल्श शिकल्या आणि स्थानिक विद्वानांच्या मदतीने मध्ययुगीन कथांचा 'मॅबिनोगियन' हा संग्रह त्यांनी इंग्रजीत आणला. त्याची तीन खंडांतील आवृत्ती १८४९ मध्ये पूर्ण झाली. कवी टेनिसनने एनिडची कथा याच भाषांतरातून घेतली. १८५२ मध्ये पतीच्या निधनानंतर काही काळ त्यांनी कारखान्याचा कारभारही पाहिला.

बेट्सी कॅडवालाडर (१७८९–१८६०) या बालाजवळील शेतकरी-उपदेशकाच्या मुलीने मोलकरीण म्हणून जगभर प्रवास केला. पासष्टीच्या घरात असताना त्या परिचारिका म्हणून क्रिमियन युद्धात गेल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या शिस्तीशी त्यांचे पटले नाही आणि त्या आघाडीजवळील बालाक्लावा येथे काम करू लागल्या. १८५७ मध्ये त्यांचे आत्मकथन शब्दबद्ध केले ते जेन विल्यम्स यांनीच.

सर्वांत स्वतंत्र वाट सारा जेन रीस (१८३९–१९१६), टोपणनाव क्रनॉगवेन, यांनी काढली. समुद्रकिनाऱ्यावरील लँग्रानोग गावच्या या मुलीने वडिलांबरोबर जहाजावर काम केले आणि पुढे गावातील तरुण खलाशांना नौकानयनाचे शास्त्र शिकवले. १८६५ च्या राष्ट्रीय आयस्टेद्वोदमध्ये लग्नाच्या अंगठीवरील त्यांच्या कवितेला पारितोषिक मिळाले. स्पर्धेत कायरिओगसारखे नामवंत कवी होते. पुढे 'अ व्रथोनेस' या स्त्रियांच्या मासिकाचे संपादन त्यांनी केले. पुरुषाने स्त्रियांसाठी चालवलेल्या 'अ गमराइस'पासून स्त्रीने संपादित केलेल्या या मासिकापर्यंत तीस वर्षांचे अंतर आहे.

९. शिक्षण आणि राजकारण

ह्यू ओवेन (१८०४–१८८१) हे लंडनमध्ये सरकारी अधिकारी होते. बँगोर येथील शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय (१८५८) आणि ॲबरिस्टविथचे महाविद्यालय यांच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. वेल्श माणसाने पुढे यायचे तर त्याला इंग्रजी आणि व्यावहारिक ज्ञान हवे, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्याच सूचनेवरून १८६२ पासून राष्ट्रीय आयस्टेद्वोदमध्ये सामाजिक प्रश्नांवर चर्चा करणारा विभाग सुरू झाला. त्याचे कामकाज मात्र इंग्रजीत चाले. एकाच मेळाव्यात कविता वेल्शमध्ये आणि प्रगतीची चर्चा इंग्रजीत, अशी ही विभागणी होती.

ॲबरिस्टविथचे महाविद्यालय ऑक्टोबर १८७२ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरील एका अपूर्ण राहिलेल्या हॉटेलच्या इमारतीत, पंचवीस-सव्वीस विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले. सुरुवातीला सरकारी अनुदान नव्हते. चॅपेलांतून गोळा झालेल्या सामान्य लोकांच्या लहान लहान वर्गण्यांनी ते तगले. ल्यूइस एडवर्ड्सचा मुलगा टॉमस चार्ल्स एडवर्ड्स पहिला प्राचार्य झाला. वेल्श बोलणाऱ्यांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या या संस्थेत अध्यापन इंग्रजीतून होत असे.

प्राथमिक शाळांत स्थिती अधिक कठोर होती. काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवला जाई. दुसरे मूल वेल्श बोलताना सापडले की तो तुकडा त्याच्याकडे जाई आणि दिवसअखेर ज्याच्या गळ्यात तो असेल त्याला शिक्षा होई. असा सरकारी नियम नव्हता. शिक्षकच तो चालवत आणि कित्येकदा पालकांचीही त्याला संमती असे. १८६२ च्या नियमावलीने शाळेचे अनुदान वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या परीक्षांशी जोडले. त्यात वेल्शला जागाच नव्हती.

राजकारणात हेन्री रिचर्ड (१८१२–१८८८) हे नाव महत्त्वाचे आहे. शांतता संस्थेचे सचिव म्हणून त्यांनी आंतरराष्ट्रीय लवादाचा पुरस्कार केला. १८६६ मध्ये त्यांनी इंग्रज वाचकांना वेल्सची खरी स्थिती सांगणारी पत्रे वृत्तपत्रात लिहिली. १८६७ च्या सुधारणा कायद्यामुळे मर्थर मतदारसंघातील मतदार सुमारे १,४०० वरून सुमारे १४,५०० वर गेले आणि १८६८ मध्ये रिचर्ड तेथून निवडून आले. त्याच निवडणुकीत मालकाच्या इच्छेविरुद्ध मत दिल्याबद्दल कार्डिगनशायर व कारमार्थेनशायरमधील काही कुळांना शेते सोडावी लागली. मतदान तेव्हा उघडपणे होत असे. ही उदाहरणे रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्लमेंटमध्ये मांडली. १८७२ च्या गुप्त मतदान कायद्यामागे अशा घटनांचाही वाटा होता.

१०. वेगळे उत्तर : पॅटागोनिया

बाला येथील इंडिपेंडंट पंथाच्या महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल डी. जोन्स (१८२२–१८९८) यांना ही तडजोड मान्य नव्हती. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत गेलेले वेल्श लोक एक-दोन पिढ्यांत भाषा गमावतात, हे त्यांनी अमेरिकेत पाहिले होते. शासन, शाळा, न्याय आणि व्यापार हे सर्व वेल्शमधून चालेल अशी वसाहत त्यांना हवी होती. मे १८६५ मध्ये 'मिमोसा' हे जहाज सुमारे १५० जणांना घेऊन लिव्हरपूलहून निघाले आणि जुलैअखेर अर्जेंटिनातील पॅटागोनियाच्या किनाऱ्याला लागले. कोरड्या जमिनीत पहिली वर्षे हलाखीची गेली. कालवे खणल्यावर शेती सुरू झाली. मायदेशात वेल्शला शाळेत जागा नव्हती, तेव्हा चुबुट खोऱ्यात ती शिक्षणाची आणि कारभाराची भाषा होती.

११. भारताशी संबंध : खासी टेकड्या

वेल्श चॅपेल संस्कृतीचा एक धागा ईशान्य भारतात पोहोचला. टॉमस जोन्स (१८१०–१८४९) हा सुताराचा मुलगा १८४१ मध्ये मिशनरी म्हणून चेरापुंजीला आला. त्याने खासी भाषेसाठी रोमन लिपी निवडली आणि काही अक्षरांचे उच्चार वेल्शच्या धर्तीवर ठेवले. उदाहरणार्थ, 'वाय' हे अक्षर खासीमध्ये वेल्शप्रमाणेच स्वर म्हणून वापरले जाते. खासी लोक ज्या चालीवर 'री खासी' हे गीत गातात, ती चाल पॉन्टिप्रीडच्या त्या विणकर कुटुंबातून आलेली आहे. मातृभाषेतून वाचायला शिकवण्याची रविवारच्या शाळेची पद्धत या मिशनऱ्यांनी सोबत आणली होती. त्यामागे धर्मांतराचा हेतू होता, हेही त्याबरोबर ध्यानात घ्यावे लागते.

सारांश

१. १८४७ च्या अहवालाने शाळांची दुरवस्था नेमकी टिपली, परंतु तिचा दोष लोकांच्या भाषेवर व धर्मपंथांवर टाकला.

२. त्यानंतरच्या तीस वर्षांत वेल्श समाजाने चॅपेल, छापखाना, आयस्टेद्वोद आणि गायकवृंद यांद्वारे आपले सांस्कृतिक सामर्थ्य सिद्ध केले. यांतील बहुतेक प्रमुख व्यक्ती कष्टकरी किंवा कनिष्ठ मध्यम वर्गातून आल्या.

३. हे यश मिळत असतानाच भाषेची क्षेत्रे वाटली गेली. प्रार्थना, कविता व गाणे वेल्शकडे राहिले. विज्ञान, उच्च शिक्षण व प्रशासन इंग्रजीकडे गेले. गीचा ज्ञानकोश आणि जोन्सची वसाहत हे या वाटणीला दिलेले दोन नकार होत.

४. १८९१ च्या जनगणनेत वेल्समध्ये प्रथमच भाषेचा प्रश्न विचारला गेला. तेव्हा सुमारे ५४ टक्के लोक वेल्श बोलत होते. पुढील शतकात हे प्रमाण घटत गेले. भाषेवर प्रेम करणारा समाजही तिला व्यवहारातून वगळू शकतो आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्यांना मोजावी लागते, हे या काळाच्या अभ्यासातून दिसते.

विचारार्थ प्रश्न

१. १८४७ च्या अहवालातील कोणती निरीक्षणे ग्राह्य आणि कोणते निष्कर्ष अग्राह्य वाटतात? कारणे द्या.

२. टॉमस स्टीव्हन्सला बक्षीस नाकारण्याच्या निर्णयाचे परीक्षण करा.

३. ह्यू ओवेन आणि मायकेल डी. जोन्स यांच्या भाषाविषयक भूमिकांची तुलना करा.

४. मेकॉलेच्या १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणातील आणि वेल्समधील अहवालातील भाषाविचारांत कोणती साम्ये व भेद आढळतात?

५. तुमच्या मातृभाषेत आज कोणती कामे होतात आणि कोणती होत नाहीत, याची यादी करा. ही विभागणी केव्हा आणि कशी झाली असावी, याची चर्चा करा.